विदर्भाची गोलंदाजी आणि वाशिमची वाट

रणजी करंडकात विदर्भाचा संघ आपल्या नावाने उतरू लागला तो १९५७-५८ च्या मोसमात. त्यानंतर पहिली अंतिम फेरी गाठायला साठ वर्षे लागली. आणि ती गाठली तेव्हा करंडकही घेऊनच आपण परतलो. २०१७-१८ मध्ये इंदूरला दिल्लीला हरवले, २०१८-१९ मध्ये नागपूरजवळच्या जामठ्याला सौराष्ट्राला, २०२४-२५ मध्ये पुन्हा जामठ्यालाच केरळविरुद्ध पहिल्या डावातल्या आघाडीवर विजेतेपद मिळवले. मध्ये २०२३-२४ ला वानखेडेवर मुंबईने १६९ धावांनी हरवले, म्हणजे आठ वर्षांत चार अंतिम सामने झाले. ज्या संघाविरुद्धचा सामना मोठे संघ हक्काच्या गुणांचा धरत, त्याच संघाने हे केले आहे.

हे पुस्तक त्या यशातल्या एकाच भागाविषयी आहे, गोलंदाजांविषयी. आणि प्रस्तावनेत मला जे मांडायचे आहे ते मागच्यापेक्षा पुढच्या काळाबद्दल आहे: आजचे गोलंदाज थकतील, निवृत्त होतील किंवा दुसऱ्या राज्याकडून खेळतील, तेव्हा त्यांच्या जागी कोण येणार, कुठून येणार आणि कोणत्या वयात येणार?

गोलंदाजच का, हे आधी सांगायला हवे. विदर्भाच्या फलंदाजीत पाहुण्यांचा वाटा मोठा राहिला आहे. वसीम जाफर मुंबईहून आला, गणेश सतीश आणि करुण नायर कर्नाटकातून, ध्रुव शोरी दिल्लीहून. त्यांच्या धावा आपल्याला फार मोलाच्या ठरल्या. जाफरने चाळिशी गाठल्यावर शेष भारताविरुद्ध इराणी करंडकात २८६ धावा केल्या होत्या आणि २०२४-२५ च्या अंतिम सामन्यात दुसऱ्या डावात १३५ धावा करणारा करुण नायरच होता. पण तिन्ही विजेत्या संघांच्या गोलंदाजीचा कणा तपासा. उमेश यादव, रजनीश गुरबानी, अक्षय वखरे, आदित्य सरवटे, अक्षय कर्णेवार, आदित्य ठाकरे, दर्शन नळकांडे, नचिकेत भुते, हर्ष दुबे, पार्थ रेखाडे. हे सगळे इथेच घडलेले. धावा बाहेरून मागवता आल्या, बळी मात्र घरच्यांनीच घेतले.

त्यातले काही स्पेल अजून डोळ्यांसमोर आहेत. २०१७-१८ च्या उपांत्य सामन्यात ईडन गार्डन्सवर कर्नाटकाला जिंकायला १९८ धावा हव्या होत्या आणि ते १९२ वर बाद झाले. गुरबानीने त्या डावात ६८ धावांत ७ बळी घेतले, सामन्यात १२. लगेच पुढच्या आठवड्यात इंदूरला अंतिम सामन्यात त्याने हॅट्‌ट्रिक साधली. रणजीच्या अंतिम सामन्यातली ती दुसरीच हॅट्‌ट्रिक होती. पहिली १९७२-७३ मध्ये तमिळनाडूच्या बी. कल्याणसुंदरमने घेतली होती. गुरबानीचा तिसरा बळी होता १४५ धावांवर खेळणारा ध्रुव शोरी. पुढे तोच शोरी विदर्भाच्या टोपीत सलामीला येऊ लागला. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित यांच्या कडक शिस्तीत आणि फैज फझलच्या नेतृत्वाखाली तो संघ खेळत होता, पण सामना फिरवला तो एका अभियांत्रिकी शिकलेल्या मध्यमगती गोलंदाजाने, जो सीमवर चेंडू टाकत राहिला आणि थांबलाच नाही.

पुढच्या वर्षी वायनाडमधल्या कृष्णगिरीच्या मैदानावर उपांत्य सामना दोन दिवसांतच आटोपला. उमेश यादवने पहिल्या डावात ४८ धावांत ७ आणि दुसऱ्या डावात ३१ धावांत ५ बळी घेतले. केरळचा संघ १०६ आणि ९१ वर गारद झाला. मग अंतिम सामन्यात डावखुऱ्या सरवटेने ११ बळी घेतले आणि चेतेश्वर पुजारा दोन डावांत मिळून एकच धाव करू शकला. सहा वर्षांनी, २०२४-२५ मध्ये, हर्ष दुबेने एका मोसमात ६९ बळी घेतले. रणजीच्या इतिहासात एका मोसमात इतके बळी कोणीच घेतलेले नव्हते. आधीचा ६८ चा विक्रम बिहारच्या आशुतोष अमनचा होता. दुबेने त्याच मोसमात ४७६ धावाही केल्या. उपांत्य सामन्यात मुंबईविरुद्ध पार्थ रेखाडेने एकाच षटकात अजिंक्य रहाणे, सूर्यकुमार यादव आणि शिवम दुबे यांना परत पाठवले. ते षटक पाहिलेल्या माणसाला विदर्भाच्या फिरकीची काळजी करण्याचे कारण पुढची बरीच वर्षे वाटणार नाही.

काळजी वेगवान गोलंदाजीची आहे.

आजचे मुख्य वेगवान गोलंदाज बघा. दर्शन नळकांडे आणि यश ठाकूर दोघेही १९९८ चे, आणि आदित्य ठाकरेही त्यांच्याच पिढीचा. ठाकरेची गोष्ट विलक्षण आहे: प्रथम श्रेणीत त्याने पदार्पणच रणजीच्या अंतिम सामन्यात केले आणि तिथून तो थेट १९ वर्षांखालील विश्वचषकासाठी न्यूझीलंडला गेला. यशने २०२४ च्या आयपीएलमध्ये लखनौकडून गुजरातविरुद्ध ३० धावांत ५ बळी घेतले. तिघेही आज ऐन भरात आहेत. पण तिघेही एकाच वेळी तिशी ओलांडणार आहेत. भारतातल्या लाल चेंडूच्या क्रिकेटमध्ये तिशीनंतर वेगवान गोलंदाजाकडे राहिलेली वर्षे मोजकी असतात, आणि दुखापत आली तर त्याहून कमी. नचिकेत भुते आणि प्रफुल्ल हिंगे त्यांच्या मागे आहेत, ही जमेची बाजू. उमेश यादवने २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये वयाची ३८ वर्षे पूर्ण केली. त्याच्या खांद्यावर आता भार टाकणे न्याय्य नाही. म्हणजे २०२८-२९ च्या सुमारास विदर्भाला एकदम दोन-तीन नवे वेगवान गोलंदाज लागतील, आणि ते गोलंदाज आज कुठेतरी चौदा ते अठरा वर्षांचे आहेत. ते कुठे आहेत, हे शोधायची वेळ आत्ताची आहे.

बेसबॉलच्या जगात या प्रश्नाला संघबांधणीतला पहिला प्रश्न मानतात. तिथे चेंडू फेकणाऱ्यांचा ताफा हा वेगळाच विभाग असतो. सामना सुरू करणारे पाच जण आळीपाळीने, मध्ये विश्रांती घेऊन उतरतात. त्यांच्या मागे शेवटच्या काही डावांसाठी राखून ठेवलेले असतात. संघाचे व्यवस्थापक कोणाचा करार कधी संपतो, कोणाचा हात किती वापरला गेला, खालच्या संघात कोण तयार होतो आहे याचा हिशेब चार-पाच वर्षे आधी मांडतात. त्या खेळाला ही शिस्त सुखासुखी लागली नाही. १९७४ मध्ये टॉमी जॉन या डावखुऱ्या खेळाडूचे कोपरातले बंध तुटले आणि डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्याच दुसऱ्या हातातला स्नायूबंध काढून तिथे बसवला. तो परत येऊन १९८९ पर्यंत खेळला. पण पुढे हीच शस्त्रक्रिया शाळकरी मुलांवर करण्याची पाळी येऊ लागली, तेव्हा तिथल्या लोकांना जाग आली. २०१४ मध्ये त्यांनी वयानुसार नियम जाहीर केले: पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने दिवसात ९५ पेक्षा जास्त चेंडू फेकू नयेत, आणि ७६ च्या वर फेकले तर चार दिवस पूर्ण विश्रांती. दोन खेळांतली हालचाल वेगळी आहे, दुखापतीची जागाही वेगळी. बेसबॉलमध्ये कोपर जाते, क्रिकेटमध्ये कंबर. हिशेबाची गरज मात्र दोन्हीकडे तीच.

क्रिकेटमधला वेगवान गोलंदाज चेंडू सोडतो त्या क्षणी त्याचा पुढचा पाय जमिनीवर आदळतो आणि शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट जोर त्या पायातून वर कमरेपर्यंत जातो. त्याच वेळी धड वळलेले आणि एका बाजूला झुकलेले असते. हा भार दिवसातून शंभरदा, आठवड्यातून पाच दिवस आला, की पाठीच्या खालच्या मणक्यांत केसासारखी बारीक चीर पडते. उजव्या हाताने टाकणाऱ्याला ती बहुधा डाव्या बाजूला पडते. मणक्याचे हाड पूर्ण पक्के व्हायला विशीचा पहिला भाग उलटावा लागतो, म्हणून सोळा-सतराव्या वर्षी हा धोका फार जास्त. जसप्रीत बुमराहसारख्या, जगातली उत्तम वैद्यकीय मदत हाताशी असलेल्या गोलंदाजाला २०२३ मध्ये पाठीच्या शस्त्रक्रियेसाठी न्यूझीलंडला जावे लागले. वाशिम जिल्ह्यातल्या रिसोड किंवा मानोऱ्याच्या मुलाला तर पाठ दुखली की तेल लावून झोप, एवढाच सल्ला मिळतो. आणि तो दुसऱ्या दिवशी पुन्हा धावत येतो, कारण संघात दुसरा फास्टर नसतो.

इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने वर्षानुवर्षे तेरा वर्षांच्या वेगवान गोलंदाजासाठी एका स्पेलमध्ये पाच आणि दिवसात दहा षटकांची मर्यादा पाळायला लावली. असा नियम पाळायला पैसा लागत नाही. एक वही, एक पेन आणि मोजणारा एक जबाबदार माणूस पुरतो.

आता वाशिम. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा: वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे सहा तालुके. उत्तरेला अकोला, पश्चिमेला बुलढाणा, पूर्वेला यवतमाळ, ईशान्येला अमरावती, आणि दक्षिणेला हिंगोली. क्रिकेटच्या दृष्टीने हिंगोलीची शीव ओलांडली की विदर्भ क्रिकेट असोसिएशनची हद्द संपते आणि महाराष्ट्राच्या संघटनेची सुरू होते. म्हणजे वाशिम हा विदर्भ क्रिकेटच्या सीमेवरचा जिल्हा. नागपूर इथून अडीचशे किलोमीटरच्या आसपास, आणि विदर्भाचे क्रिकेट नागपूरकेंद्रित आहे हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. सिव्हिल लाइन्सचे जुने मैदान तिथे, २००८ ला सुरू झालेले जामठ्याचे स्टेडियम तिथे, निवड समिती तिथे, वेगवान गोलंदाजांना शिकवणारे प्रशिक्षक तिथे.

पण शेजाऱ्यांकडे पाहिले की वाशिमला निराश होण्याचे कारण उरत नाही. अकोल्याच्या अकोला क्रिकेट क्लबने आदित्य ठाकरे, दर्शन नळकांडे आणि सलामीचा अथर्व तायडे असे तिघे विदर्भाला दिले. एका जिल्ह्याच्या एका क्लबने हे केले, यातून पश्चिम वऱ्हाडात काय करता येते ते दिसते. बुलढाणा जिल्ह्यातून डावखुरा श्रीकांत वाघ आला. २०१५ मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक्सली क्लबकडून खेळताना त्याने एका डावात दहाच्या दहा बळी घेतले होते, ३९ धावांत. यवतमाळचा अक्षय कर्णेवार दोन्ही हातांनी फिरकी टाकतो. २०२१ मध्ये मणिपूरविरुद्धच्या ट्वेंटी-ट्वेंटी सामन्यात त्याने चार षटके टाकली, चारही निर्धाव, आणि दोन बळी घेतले. तशी गोष्ट या प्रकारच्या क्रिकेटमध्ये आधी कधीच झाली नव्हती. वाशिमच्या तीन बाजूंना असे गोलंदाज निपजतात आणि मधला जिल्हा कोरडा राहतो, याला मुलांची कुवत जबाबदार नाही. इथले पोट्टे दिवसभर वावरात राबतात, अंगाने काटक असतात, लांब हाताचे असतात. सोयाबीन निघाले की ऑक्टोबरच्या शेवटी गावोगाव मोकळ्या जागेत टेनिस बॉलचे सामने भरतात. रोख बक्षीस असते, चषक असतो, लाउडस्पीकरवर समालोचन असते. त्या सामन्यांत काळ्या मातीवर, ठोकून-बडवून केलेल्या पट्टीवर, अक्षरशः अंगावर येणारा वेग मी पाहिलेला आहे. तो वेग लेदर बॉलपर्यंत पोहोचत नाही, एवढेच.

माझे मुख्य म्हणणे इथे आहे आणि त्याच्यासाठीच ही प्रस्तावना एवढी लांबली. वेगवान गोलंदाज उशिरा सापडतो, आणि आपली निवडीची व्यवस्था मात्र लवकर दार लावून घेते.

विदर्भाने देशाला दिलेला सर्वात मोठा वेगवान गोलंदाज आठवा. उमेश यादव नागपूरजवळच्या वलनी या कोळसा खाणीच्या वसाहतीत वाढला. वडील खाणीत कामाला. पोलिसात, सैन्यात भरती होण्याचा प्रयत्न त्याने केला. तो टेनिस बॉल खेळायचा. विशीच्या उंबरठ्यावर लेदर बॉल त्याच्या हातात नीट आला. नोव्हेंबर २००८ मध्ये तो विदर्भाकडून पहिला प्रथम श्रेणी सामना खेळला, तेव्हा एकवीस वर्षांचा होता. बरोबर तीन वर्षांनी तो दिल्लीला वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटी खेळत होता, आणि विदर्भाकडून खेळत कसोटीपर्यंत गेलेला तो पहिला खेळाडू ठरला. ५७ कसोटींत १७० बळी, २०१५ च्या विश्वचषकात भारताकडून सर्वाधिक १८. चौदा किंवा सोळा वर्षांखालच्या निवडीत उमेश यादव कुठेच नव्हता. त्या वयात निवड न झालेल्या मुलाला पुढे विचारायचेच नाही असा रिवाज पक्का असता, तर भारताला हा गोलंदाज मिळाला नसता.

गुरबानी अभियांत्रिकी शिकत होता आणि बाविसाव्या वर्षी विदर्भाकडून खेळला. यश ठाकूरला तर यष्टिरक्षक व्हायचे होते. विदर्भाचे माजी कर्णधार प्रवीण हिंगणीकर यांनी त्याची गोलंदाजी पाहिली आणि त्याला यष्टिरक्षण सोडायला लावले. म्हणजे आपल्या सर्वोत्तम वेगवान गोलंदाजांपैकी तिघे नेहमीच्या वाटेने आलेलेच नाहीत. याला योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. वेग हा शरीराच्या वाढीवर अवलंबून असतो, आणि मुलांची वाढ सारख्या वयात होत नाही. पंधराव्या वर्षी जो उंच आणि दांडगा दिसतो तो बऱ्याचदा लवकर वाढलेला असतो, एवढेच. एकोणिसाव्या वर्षी दुसराच पुढे निघतो. फलंदाजाचे तसे नाही. त्याला तंत्र लागते, ते लहानपणापासून घोटावे लागते, त्याची निवड लवकर व्हायला हरकत नाही.

याला आणखी एक बाजू आहे. तो माझा तर्क म्हणून वाचावा. वलनीच्या मुलाची पाठ कोवळ्या वयात लेदर बॉलच्या लांबलचक स्पेलखाली झिजलेली नव्हती. वेग त्याने मोकळ्या मैदानात कमावला, थोडी षटके टाकून, मनाला येईल तेव्हा. उमेश इतकी वर्षे टिकला यात या गोष्टीचा वाटा असावा असे मला वाटते. तसे असेल, तर वाशिमसारख्या जिल्ह्याची जी उणीव आपण मोजतो, म्हणजे चांगल्या अकादम्या नाहीत, वर्षभराचे सामने नाहीत, तीच एका अर्थाने ठेव आहे. आपल्याकडे न झिजलेल्या पाठीची मुले आहेत. त्यांना अठरा ते एकवीस या वयात वर नेणारी वाट मात्र हवी.

ती वाट अवघड नाही. वर्षातून एकदा, टेनिस बॉलचे सामने संपता संपता, प्रत्येक तालुक्यात फक्त वेगवान गोलंदाजांची चाचणी घ्यावी. वयाची अट वरच्या बाजूने एकवीसपर्यंत सैल ठेवावी. हातात नवा लेदर बॉल द्यावा, मॅटिंगवर किंवा टर्फवर बारा चेंडू टाकायला लावावेत, आणि वेग मोजणारे यंत्र ठेवावे. त्यातून निवडलेल्या मुलांना नागपूरला नेण्याआधी वर्षभर अकोल्यात ठेवावे, जिथे शिकवणारे आहेत आणि जिथून घरी जाता येते. २००८ मध्ये उत्तर प्रदेशातल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंना एका स्पर्धेतून शोधून अमेरिकेतल्या एका बेसबॉल संघाने करार दिला होता. बेसबॉल काय असते हे त्यांना ठाऊकही नव्हते. तिकडचे लोक एवढ्या लांब येऊन हात शोधतात. आपल्याला नागपूरहून कारंज्यापर्यंत यायचे आहे. ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झालेल्या समृद्धी महामार्गाने ते अंतर आता काही तासांचे राहिले आहे, आणि तो रस्ता कारंजा आणि मालेगावच्या शिवारातूनच जातो.

खेळपट्टीचा मुद्दाही टाळता येत नाही. २००४ मध्ये सिव्हिल लाइन्सवर हिरव्या गवताची खेळपट्टी होती. जेसन गिलेस्पीने त्या कसोटीत नऊ बळी घेतले आणि ऑस्ट्रेलियाने पस्तीस वर्षांनी भारतात मालिका जिंकली. अकरा वर्षांनी, २०१५ मध्ये जामठ्याला दक्षिण आफ्रिकेविरुद्धची कसोटी तीन दिवसांत संपली, अश्विनने १२ बळी घेतले आणि आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने त्या खेळपट्टीला निकृष्ट ठरवले. शहर तेच असताना दोन टोकांच्या खेळपट्ट्या तिथे झाल्या. सगळे सामने फिरकीच्या खेळपट्टीवर जिंकायची सवय लागली, तर वेगवान गोलंदाज नव्या चेंडूची चार षटके टाकून कडेला उभा राहतो आणि शिकत नाही. दुबे आणि रेखाडे असताना हा मोह फार मोठा आहे. विदर्भाने स्थानिक स्पर्धांत तरी वेगाला साथ देणाऱ्या, गवत राखलेल्या पट्ट्या करायला हव्यात, असे माझे ठाम मत आहे, मग त्यासाठी एखादा सामना गमवावा लागला तरी चालेल.

घडवलेला गोलंदाज टिकवणे हे वेगळे काम आहे. २०२४-२५ च्या अंतिम सामन्यात केरळकडून पहिल्या डावात ७९ धावा करून आपल्याला बराच त्रास देणारा खेळाडू होता आदित्य सरवटे, सहा वर्षांपूर्वी आपल्याला करंडक मिळवून देणारा. गुरबानी महाराष्ट्राकडे गेला. त्यांना दोष देणे मला मान्य नाही. प्रथम श्रेणीचे वीसपर्यंत सामने खेळलेल्याला दिवसाला ४० हजार, चाळीसच्या वर खेळलेल्याला ६० हजार असे सामना शुल्क मिळते, पण ते अकरात असाल तर. हर्ष दुबेसारखा डावखुरा फिरकीपटू वर आल्यावर दुसऱ्या डावखुऱ्याला बाकावर बसणे परवडत नाही. व्यावसायिक खेळाडू जिथे खेळायला मिळेल तिथे जातो आणि जावेच. म्हणून ताफा मोठा हवा, म्हणजे एक गेला तरी दुसरा उभा राहील. २०२५ च्या जूनमध्ये सुरू झालेल्या विदर्भाच्या सहा संघांच्या ट्वेंटी-ट्वेंटी लीगमुळे तालुक्याच्या मुलाला कमावण्याची एक नवी जागा मिळाली, हे चांगले झाले. पण चार षटके टाकण्याची सवय आणि चार दिवस टाकण्याची ताकद यांत फरक आहे, आणि रणजी करंडक दुसऱ्या गोष्टीनेच जिंकला जातो.

पुढच्या पानांत मी गोलंदाजांच्या घडणीकडे, त्यांच्या रनअपकडे, त्यांच्या दुखापतींकडे आणि त्यांना घडवणाऱ्यांकडे जवळून पाहिले आहे. धावफलक देण्याचा मोह शक्य तिथे टाळला, कारण आकडे कुठेही मिळतात. चेंडू हातातून सुटण्याआधी मनगट कसे राहते, कोणी कधी लांबी आखूड केली, कोणत्या मोसमात पाय दुखत असतानाही कोण टाकत राहिला, हे मात्र लिहून ठेवले नाही तर विसरले जाते. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये विदर्भाने शेष भारताला ९३ धावांनी हरवून इराणी करंडक तिसऱ्यांदा जिंकला, तोपर्यंतचा काळ यात आला आहे.

शेवटी वाशिम जिल्ह्यातल्या क्रीडा शिक्षकांना, गावच्या स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना आणि पालकांना माझी दोन कामांची विनंती आहे. वेगाने टाकणारा मुलगा दिसला तर आजपासून त्याचे चेंडू वहीत मोजा, आणि त्याने पाठ दुखते म्हटले तर त्याला खेळवू नका, अस्थिरोगतज्ज्ञाकडे न्या. आणि तो अठरा-एकोणीस वर्षांचा असेल, कुठल्याच निवडीत कधी बसला नसेल, तरी त्याला घरी पाठवू नका. अकोल्याला किंवा नागपूरला चाचणीला पाठवा, आणि जाण्यायेण्याचा खर्च गावाने वर्गणी काढून द्यावा.

वाशिम, नोव्हेंबर २०२५